दुबार नोंदींचे निदान : यंत्राच्या काउंटरपासून फाइलच्या शेवटच्या ओळीपर्यंत

भोसरी, चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत आणि आता बऱ्याच मध्यम कारखान्यांतही यंत्रांची माहिती आपोआप गोळा होते. नटरनर प्रत्येक बोल्टचा टॉर्क कळवतो, प्रेस प्रत्येक ठोक्याची नोंद देते, स्कॅनर प्रत्येक भागाचा बारकोड वाचतो. ही माहिती पीएलसीतून गेटवेकडे, गेटवेकडून ब्रोकरकडे, तिथून स्ट्रीम प्रोसेसिंगच्या प्रणालीकडे जाते आणि शेवटी फाइलमध्ये उतरते. पाळीचे उत्पादन, भागाचा माग, ग्राहकाच्या ऑडिटला दाखवायचा पुरावा, सगळे त्या फाइलवर अवलंबून असते.

अशा फाइलमध्ये एकच नोंद दोनदा दिसली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो : शेवटी एक गाळणी बसवायची, सारख्या दिसणाऱ्या ओळींपैकी एक ठेवायची, बाकीच्या काढायच्या. अहवाल जुळतो आणि विषय मिटतो. प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे याच्या उलट आहे. दुबार नोंद फाइलमध्ये दिसत असली तरी ती तिथेच जन्मलेली असते असे नाही. कोणत्या टप्प्यावर ती दुबार झाली हे ठरवण्याआधी गाळणी लावली, तर कधी खोटी नोंद राहते आणि कधी खरी नोंद जाते. यांतला दुसरा धोका मोठा.

१. ‘दुबार’ म्हणजे नेमके काय?

‘डबल एंट्री आली’ या एका तक्रारीखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, पुनरावृत्त घटना. एखादा बोल्ट पहिल्या वेळी ठरलेल्या टॉर्कला बसला नाही, ऑपरेटरने तो सैल करून पुन्हा आवळला. भागाचा क्रमांक एकच, बोल्टचे स्थान एकच, पण घटना दोन. हे रीवर्क आहे आणि दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. त्यांतली एक काढली तर गुणवत्ता विभागाला नेमकी हवी असलेली माहितीच नाहीशी होते.

दुसरी, पुनरावृत्त संदेश. घटना एकदाच घडली, पण गेटवेने तिचा संदेश दोनदा पाठवला.

तिसरी, पुनरावृत्त लेखन. संदेश ब्रोकरमध्ये एकदाच आहे, पण प्रोसेसिंगच्या प्रणालीने तो फाइलमध्ये दोनदा लिहिला.

चौथी, पुनरावृत्त वाचन. फाइल निर्दोष आहे, पण ती पुढच्या डेटाबेसमध्ये भरणाऱ्या प्रोग्रामने तीच फाइल, किंवा तिची कच्ची प्रत, दोनदा उचलली.

ओळीतला मजकूर पाहून या चौघांत फरक करता येत नाही. तो फरक ओळीबरोबर आलेल्या ओळखखुणांत असतो, आणि त्या खुणा आधीच साठवलेल्या नसतील तर नंतर कुठूनही मिळत नाहीत.

२. कारणमीमांसा : काम आणि कामाची नोंद यांतली फट

चारपैकी पहिला प्रकार सोडला तर उरलेल्या तिघांचे मूळ एकच आहे. प्रत्येक टप्प्यावर दोन कृती होतात : काम करणे, आणि ‘काम झाले’ हे कुठेतरी टिपून ठेवणे. गेटवे संदेश पाठवतो आणि आपल्या डिस्कवरचा निर्देशक पुढे सरकवतो. प्रोसेसर फाइलमध्ये ओळ लिहितो आणि कुठवर वाचले त्याची नोंद करतो. या दोन कृतींच्या मधल्या क्षणी वीज गेली किंवा प्रोग्राम कोसळला, की परिणाम क्रमावर ठरतो. आधी काम आणि मग नोंद हा क्रम असेल तर काम दोनदा होते. आधी नोंद आणि मग काम असेल तर काम राहून जाते. तिसरा क्रम नाही.

बेभरवशाच्या मार्गावरून निरोप पाठवणाऱ्या दोन पक्षांना ‘निरोप पोहोचला’ याबाबत पूर्ण एकमत कधीच साधता येत नाही, ही मर्यादा संगणकशास्त्रात १९७५ पासून मांडलेली आहे. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये तिला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ हे नाव दिले. पोच हरवली की पाठवणाऱ्यापुढे दोनच पर्याय राहतात : पुन्हा पाठवणे किंवा सोडून देणे. कारखान्यात पुन्हा पाठवणे हेच शहाणपणाचे, कारण दुबार नोंद नंतर ओळखता येते, हरवलेली नोंद पुन्हा तयार करता येत नाही.

म्हणून ‘आमची प्रणाली प्रत्येक नोंद एकदाच पोहोचवते’ असा विक्रेत्याचा दावा ऐकला की शब्द नीट तपासावेत. नोंद एकदाच पोहोचेल याची हमी देता येत नाही. ती कितीही वेळा पोहोचली तरी परिणाम एकदाच होईल, एवढी हमी देता येते. पुढचे सगळे उपाय या दुसऱ्या हमीचे आहेत.

३. पहिली सीमा : गेटवे ते ब्रोकर

या पट्ट्यात वीज क्षणभर जाऊन येणे नवीन नाही. तेवढ्यात गेटवे पुन्हा सुरू होतो आणि आपल्या डिस्कवर साठवलेले संदेश शेवटच्या जतन केलेल्या निर्देशकापासून पुन्हा पाठवू लागतो. निर्देशक दर संदेशाला न लिहिता काही सेकंदांनी लिहिला जात असेल, तर मधले सगळे संदेश दुसऱ्यांदा जातात.

‘आम्ही एमक्यूटीटीचा क्यूओएस २ लावला आहे’ किंवा ‘काफ्कामध्ये आयडेम्पोटन्स चालू आहे’ असे उत्तर इथे मिळते. दोन्ही सोयी खऱ्या आहेत, पण त्यांची हद्द ठरलेली आहे. क्यूओएस २ ची हमी गेटवे आणि ब्रोकर यांच्यातल्या एका टप्प्यापुरती असते. काफ्काची आयडेम्पोटन्स २०१७ मध्ये ०.११ आवृत्तीत आली आणि ३.० पासून ती मूळ सेटिंगमध्येच चालू असते. ती पाठवणाऱ्या प्रोग्रामला एक क्रमांक देते आणि त्याच्या प्रत्येक तुकडीला अनुक्रमांक लावते. त्यामुळे जाळ्यातल्या गोंधळाने झालेली पुनरावृत्ती ब्रोकर ओळखतो. पण गेटवे बंद होऊन पुन्हा सुरू झाला की त्याला सहसा नवा क्रमांक मिळतो, आणि डिस्कवरून आलेला जुना संदेश ब्रोकरच्या दृष्टीने अगदी नवा ठरतो.

सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच तत्त्व मांडले. खालच्या थराने दुबार संदेश कितीही काटेकोरपणे गाळले, तरी वरच्या थराने स्वतःहून पुन्हा पाठवलेला संदेश त्याला दुबार म्हणून ओळखता येत नाही. ती ओळख टोकाच्या प्रणालीनेच करायची असते.

४. दुसरी सीमा : प्रोसेसर ते फाइल

स्ट्रीम प्रोसेसिंगच्या प्रणाली ठरावीक अंतराने आपल्या स्थितीचा चेकपॉइंट घेतात. चँडी आणि लॅमपोर्ट यांनी १९८५ मध्ये मांडलेली वितरित स्थितीचित्राची पद्धत अपाचे फ्लिंकच्या चेकपॉइंटमागे आहे. बिघाड झाला की प्रणाली शेवटच्या चेकपॉइंटला परतते आणि तिथपासून पुन्हा वाचते. आतली बेरीज, मोजणी, सरासरी हे सगळे मागे जाते. फाइल मात्र प्रणालीच्या बाहेर असते. तिच्यात उतरलेल्या ओळी आपोआप मागे जात नाहीत.

हा प्रश्न जवळून पाहायला अपाचे अपेक्सचे उदाहरण चांगले, आणि ते पुण्याचेही आहे. फू होआंग आणि अमोल केकरे यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या डेटाटोरेंट या कंपनीचे मुख्यालय कॅलिफोर्नियात होते, आणि अपेक्सच्या जडणघडणीत तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. अपेक्स २०१५ मध्ये अपाचेकडे आले, एप्रिल २०१६ मध्ये स्वतंत्र प्रकल्प झाले. त्याच्या तयार ऑपरेटरांच्या संग्रहाचे नाव ‘मल्हार’. कंपनी २०१८ मध्ये बंद पडली आणि २०१९ मध्ये प्रकल्पही निवृत्त झाला. पण फाइल लिहिण्याबाबत त्याने काढलेला तोडगा आणि त्या तोडग्याच्या मर्यादा आजच्या प्रणालींनाही लागू पडतात.

अपेक्समध्ये प्रवाहाचे अर्ध्या सेकंदाचे तुकडे पडत आणि मूळ सेटिंगप्रमाणे ६० तुकड्यांनी, म्हणजे ३० सेकंदांनी, चेकपॉइंट होई. समजा २० यंत्रांतून दर सेकंदाला एकेक नोंद येते आहे. पुढचा चेकपॉइंट होण्याच्या जरा आधी लिहिणारा ऑपरेटर कोसळला, तर सुमारे ६०० ओळी फाइलमध्ये आधीच उतरलेल्या असतात आणि पुन्हा सुरू झाल्यावर त्याच ६०० पुन्हा येतात.

यावर मल्हारचा फाइल ऑपरेटर प्रत्येक फाइलची लांबी आपल्या चेकपॉइंटमध्ये जपत असे. पुन्हा सुरू होताना फाइलची प्रत्यक्ष लांबी आणि जपलेली लांबी यांची तो तुलना करी आणि जास्तीचा भाग टाकून देई. एचडीएफएस या वितरित फाइलप्रणालीत फाइल कापण्याची सोय २०१५ च्या २.७ आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्त्यांवर योग्य तेवढा भाग नव्या फाइलमध्ये उतरवून ती जुनीच्या जागी ठेवावी लागे. लिहिणे चालू असताना फाइलला तात्पुरते नाव असे, आणि तो तुकडा साऱ्या ऑपरेटरांनी पक्का केल्यावरच अंतिम नाव मिळे.

तोडगा सुबक आहे. तो फसतो ते पुढील परिस्थितींत.

एक : ऑपरेटरच्या दोन प्रती एकाच नावाच्या फाइलमध्ये लिहितात. प्रत्येकीचा लांबीचा हिशेब वेगळा, त्यामुळे दोन्ही हिशेब चुकीचे.

दोन : जाळ्यातून तुटलेली जुनी प्रक्रिया मेली असे गृहीत धरून नवी सुरू होते, पण जुनी प्रत्यक्षात जिवंत असते आणि लिहीत राहते.

तीन : अॅप्लिकेशन आधीच्या स्थितीवरून न उचलता कोऱ्या स्थितीतून सुरू केले जाते. लांबीची स्मृती गेली, फाइल मात्र जागेवर. अपेक्समध्ये मूळ अॅप्लिकेशनचा क्रमांक देऊन ते पुन्हा उभे करायची सोय होती. घाईत ती विसरली की दुबार नोंदी ठरलेल्या. आजच्या काफ्कावर याचा भाऊबंद म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रामच्या ग्रुपचे नाव बदलणे : वाचनस्थान नव्याने ठरते आणि ‘सर्वांत जुन्यापासून वाचा’ असे सेटिंग असेल तर साठवलेला सारा इतिहास पुन्हा फाइलमध्ये येतो.

चार : पुन्हा वाचताना तुकड्यात त्याच नोंदी त्याच क्रमाने येत नाहीत. मग लांबीवरून कापलेली जागा चुकीच्या ठिकाणी पडते.

पुढच्या प्रणालींनी आणखी दोन वाटा काढल्या. फ्लिंकने २०१८ मध्ये १.६ आवृत्तीत आणलेल्या फाइल-लेखकात फाइल ‘चालू’, ‘प्रलंबित’ आणि ‘पूर्ण’ अशा तीन अवस्थांतून जाते, आणि चेकपॉइंट यशस्वी झाल्यावरच ती पूर्ण ठरते. स्पार्कचे स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंग फाइलींना हात न लावता शेजारच्या मेटाडेटा डिरेक्टरीत वैध फाइलींची यादी ठेवते. कापणे, नाव बदलणे आणि यादी ठेवणे अशा या तीन पद्धती. तिघींचे मर्म एक : काम आणि नोंद यांच्यातली फट बुजवून दोन्ही एकाच निर्णयाने पक्की करायची.

५. तिसरी सीमा : फाइल ते वाचक

वरच्या साऱ्या व्यवस्थेला एक अट आहे. वाचणाऱ्यानेही ती पाळली पाहिजे. फोल्डरमधल्या ‘सगळ्या फाइली’ उचलणारी स्क्रिप्ट तात्पुरती फाइलही उचलते आणि तिचे नाव बदलल्यावर तीच पुन्हा उचलते. स्पार्कने लिहिलेले फोल्डर दुसऱ्या साधनाने वाचले तर ते यादीकडे पाहतच नाही, आणि बिघाडाच्या वेळी अर्धवट राहिलेल्या फाइलीही मोजते. एस३ सारख्या ऑब्जेक्ट स्टोअरवर नेहमीच्या पद्धतीने नाव बदलणे म्हणजे प्रत करून मूळ पुसणे. मध्येच थांबले तर दोन्ही प्रती राहतात.

६. निदानपद्धती

निदानाची पहिली पायरी मोजणीची. एका पाळीपुरते चार आकडे काढावेत : पीएलसी काउंटरच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतला फरक, ब्रोकरमधले संदेश, फाइलमधल्या ओळी, डेटाबेसमधल्या ओळी. ज्या दोन आकड्यांमध्ये उडी दिसते त्या सीमेवर दोष आहे. एक सावधगिरी : काफ्कात ट्रान्झॅक्शन वापरले असेल तर काही ऑफसेट नियंत्रण-नोंदींना जातात. त्यामुळे ऑफसेटची वजाबाकी न करता संदेश प्रत्यक्ष मोजावेत.

दुसरी पायरी ओळखखुणांची. प्रत्येक ओळीबरोबर यंत्र, काउंटर, घटनेची वेळ, ब्रोकरचे पार्टिशन, ऑफसेट (संदेशाचा पार्टिशनमधला क्रमांक) आणि लिहिणाऱ्या प्रक्रियेची फेरी साठवलेली असावी. काल्पनिक ओळी घेऊन पाहू :

नटरनर ०७, काउंटर ४११३, ०६:५८:१२, पार्टिशन ३, ऑफसेट ८८२०१, फेरी १२
नटरनर ०७, काउंटर ४११३, ०६:५८:१२, पार्टिशन ३, ऑफसेट ८८२०१, फेरी १३

ऑफसेट तोच, फेरी वेगळी. संदेश एकच होता, पुन्हा सुरू झालेल्या प्रोसेसरने तो दुसऱ्यांदा लिहिला. दोष दुसऱ्या सीमेवर. दुसऱ्या ओळीचा ऑफसेट ८८२४४ असता आणि काउंटर तोच, तर एका घटनेचे दोन संदेश ब्रोकरमध्ये आले, म्हणजे दोष गेटवेकडे. काउंटर ४११३ आणि ४११४, भागाचा क्रमांक तोच आणि वेळेत थोडे अंतर असेल, तर ते रीवर्क किंवा स्कॅनरने घेतलेले दुहेरी वाचन. त्याचा निकाल शॉप फ्लोअरवर लागेल. आणि डेटाबेसमधल्या दोन ओळींत सगळ्या खुणा फेरीसकट सारख्या असतील आणि फाइलमध्ये ती ओळ एकदाच असेल, तर वाचकाकडे पाहावे.

तिसरी पायरी आकृतिबंधाची. सलग ठोकळ्याने आलेल्या दुबार ओळी, ठोकळ्याची लांबी चेकपॉइंटच्या अंतराएवढी किंवा कमी, हे पुन्हा वाचनाचे लक्षण. एकाच यंत्राच्या ओळी दुबार आणि शेजारच्यांच्या नाहीत, हे त्या गेटवेचे लक्षण. पूर्ण फाइलच्या फाइल दुबार असणे हे वाचकाचे. आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दुबार नोंदी येत असतील तर कॅलेंडर पाहावे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, विजेची देखभालही त्याच दिवशी निघते. बुधवारच्या शेवटच्या पाळीच्या नोंदी गेटवेत अडकून शुक्रवारी सकाळी पुन्हा पाठवल्या जातात.

७. उपाययोजना

सर्वांत मोलाचा उपाय उगमावरचा : प्रत्येक घटनेला तिथेच ओळख द्यावी, जी कितीही वेळा पाठवली तरी बदलणार नाही. ही कल्पना भोसरीतल्या लघुउद्योजकाच्या हिशेबनिसालाही रोजची आहे. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचा आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांतून काढलेला ६४ अक्षरी हॅश असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ही पद्धत लागू झाली. तेच बिल पुन्हा पाठवले की पोर्टल ‘ड्युप्लिकेट आयआरएन’ म्हणून २१५० क्रमांकाची चूक दाखवते. उत्तर आले नाही म्हणून बिल पुन्हा पाठवायला म्हणूनच कुणी घाबरत नाही. पाठवण्याची वेळ त्या ओळखीत धरली असती तर प्रत्येक वेळी नवा क्रमांक तयार झाला असता आणि व्यवस्था कोसळली असती.

यंत्राच्या नोंदीत हेच करायचे, पण काउंटर एकटा पुरत नाही. १६ बिटी काउंटर ६५,५३५ नंतर शून्यावर येतो, आणि वीज गेल्यावर मूल्य न जपणारा काउंटर तर रोजच शून्यापासून सुरू होऊ शकतो. यंत्र, यंत्र चालू झाल्याची किंवा काउंटर शून्यावर आल्याची फेरी आणि काउंटर असे त्रिकूट घ्यावे. गेटवेची घड्याळवेळ त्यात धरू नये.

फाइलच्या बाबतीत नाव ठरवण्याची रीत निर्णायक आहे. ‘आत्ता किती वाजले’ यावरून फाइलचे नाव किंवा तिची समाप्ती ठरत असेल, तर पुन्हा वाचन झाल्यावर त्याच नोंदी दुसऱ्या फाइलमध्ये पडतात. पार्टिशन आणि पहिला ऑफसेट यांवरून नाव ठरवले आणि फाइल कुठे संपवायची तेही नोंदींवरूनच ठरवले, तर दुसऱ्यांदा लिहिलेली फाइल पहिलीच्या जागी बसते आणि पुनरावृत्ती निरुपद्रवी होते. पाळीनुसार विभागणी हवी असेल तर ती घटनेच्या वेळेवरून करावी.

गाळणी लावायचीच असेल तर वरच्या त्रिकुटावर लावावी, मजकुरावर नाही. तिची स्मृती सर्वांत लांब खंडापेक्षा मोठी असावी. एका तासाची स्मृती असलेली गाळणी आठवडाभर चोख काम करेल आणि बुधवारच्या रात्रीच्या नोंदी शुक्रवारी पुन्हा आल्या की त्यांना नव्या समजून आत घेईल. स्मृती वाढवायची तर साठवण वाढते. वॉटरमार्कने, म्हणजे किती जुन्या वेळेपर्यंतच्या नोंदी घ्यायच्या या मर्यादेने, ती आखडली तर उशिरा आलेल्या खऱ्या नोंदी नाकारल्या जाऊ शकतात. हा हिशेब कारखान्याच्या सुट्टीच्या वेळापत्रकावरून करायचा असतो, सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगवरून नाही.

८. किंमत आणि स्वीकृती

काम आणि नोंद एकत्र पक्की करायची म्हणजे फाइल उशिरा दिसणार : चेकपॉइंट ३० सेकंदांचा असेल तर किमान तेवढा विलंब धरावा. लाइनवरच्या अँडॉन बोर्डाला तो चालत नाही. तिथे थेट प्रवाहातले, थोडे इकडेतिकडे होणारे आकडे दाखवावेत. डिस्पॅच, माग आणि ग्राहकाचे ऑडिट यांसाठी मात्र पक्क्या झालेल्या फाइलीच वापराव्यात. दोन्ही गरजा एकाच फाइलवर लादल्या की कुणीतरी तात्पुरत्या फाइली वाचू लागते आणि तिसरी सीमा फुटते.

अशी प्रणाली विकत घेताना स्वीकृतीची कसोटी कागदावर ठेवू नये. भर पाळीत गेटवेची वीज तोडावी. लेखकाची प्रक्रिया दोन चेकपॉइंटांच्या मध्ये मारावी. लेखकाचे जाळे तोडून नवी प्रक्रिया उभी राहू द्यावी आणि मग जाळे पूर्ववत करावे. गेटवे एक संपूर्ण गुरुवार बंद ठेवून शुक्रवारी सुरू करावा. त्याच पाळ्यांत एखादा बोल्ट मुद्दाम सैल करून पुन्हा आवळावा. यानंतर चारही आकडे जुळले आणि रीवर्कच्या दोन्ही नोंदी जागेवर सापडल्या, तरच सही करावी. आकडे जुळले पण रीवर्कची एक नोंद गायब असेल, तर पुरवठादाराने दुबार नोंदींचे कारण न शोधता शेवटी गाळणी बसवली आहे असे समजावे आणि प्रणाली परत पाठवावी.